मल्लम्माची उचल

भगवानराव मुख्याध्यापकांचा एक नियम होता. ज्या कामाला पैसा लागतो त्या कामाला माणसाचं नाव लागतं, आणि नाव लागलं की सही लागते. चकलांब्याच्या पुढं आडवाटेला असलेली त्यांची शाळा लहान, पण तिथं खडूचा डबा उघडला तरी झाकणाच्या आत तारीख पडायची. शाळेत खिचडी शिजवणारी दगडाबाई म्हणायची, सरांच्या हातात पावसाळा दिला असता तर त्यांनी ढगाकडून पोच घेतली असती. भगवानरावांना यात टोमणा दिसायचा नाही. ते हसून खिचडीच्या तांदळाचं माप बघायला जायचे.

ही सवय घराण्यातली. त्यांचे वडील आश्रुबा ऊसतोडीचे मुकादम. दसऱ्याच्या सुमाराला टोळी बांधायची, जोडप्याजोडप्याला उचल द्यायची, म्हणजे हंगामाची मजुरी आधीच हातात ठेवायची, आणि मग ते जोडपं कारखान्यावर उसात उभं राहायचं ते उचल फिटेपर्यंत. ताप असो, बाळंतपण असो, घरात मयत असो. लहानपणी ओट्यावर बसून भगवानरावांनी पाहिलं होतं, की सांजवेळेपर्यंत घासाघीस करणारा गडी नोटा हातात पडल्या की एकदम गप्प होतो. मास्तर झाल्यावर त्यांनी टोळीचं नावसुद्धा काढलं नाही. पण एक गोष्ट अंगात राहिली ती राहिलीच. पैसे घेतलेला माणूस येतो. न घेतलेल्याचा भरवसा नाही.

आणि नेमकं त्यांच्याच शाळेत पैसे न घेणारं माणूस निघालं.

शिवांजली तिसरीत होती. जन्मापासून हातपाय ताठ, बोलता येत नाही, पण समजतं सगळं. गणिताच्या तासाला कोणी चुकीचं उत्तर दिलं की ही आधी हसायची, मग मास्तर चूक म्हणायचे. अशी लेकरं घरात पडून राहू नयेत, चारचौघांच्या शाळेत बसावीत म्हणून सरकारनं सोय केलेली. शाळेला उतार बांधून मिळाला होता, तिला चाकाची खुर्ची मिळाली होती, आठवड्यातून एकदा तेजश्री मॅडम नावाच्या विशेष शिक्षिका यायच्या, आणि लेकराला रोज शाळेत आणून सोडणाऱ्या माणसासाठी मदतनीस भत्ता होता. शिवांजलीचे आईबाप माजलगावकडं, बाप योगीराज साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. लेक इथं आजीआजोबांजवळ. आजोबा मन्मथप्पा गावात किराणा दुकान चालवायचे, गुडघे गेलेले. तेव्हा आणणारं माणूस म्हणजे आजी, मल्लम्मा.

भगवानरावांनी फॉर्म पुढं केला तेव्हा मल्लम्मानं तो नुसता उलटसुलट करून परत दिला.

“नातीला आणायचं पैसं घेऊ व्हय? उद्या घास भरवायचं बी बिल मागशाल.”

त्यांनी समजावलं की हा सरकारचा पैसा आहे, न घेतला तर परत जातो. तिनं सांगितलं, जाऊ द्या की, ज्याचा हाय त्याच्याकडंच चाललाय. दर मार्चला तो भत्ता परत जायचा, आणि दर मार्चला भगवानरावांना दाढ उपटल्यासारखं व्हायचं.

मल्लम्मा मात्र रोज यायची. वाटेवर काळी माती, मध्ये चढ. ती खुर्ची ढकलत सगळ्या रस्ताभर नातीशी बोलायची. कोणाची उधारी किती, कोणाची सून रुसून गेली, गुळाचा भाव काय. परिपाठाआधी उताराशी येऊन थांबायची, कमरेच्या पिशवीतून विभूती काढून लेकराच्या कपाळावर तीन बोटं ओढायची, रिबिनीचा फासा नीट करायची आणि वर्गाकडं न बघता परत फिरायची. रविवारी आणि सणासुदीला मात्र कोणी काही म्हणो, ती नातीला उन्हं वर येईपर्यंत उठवू द्यायची नाही.

भाद्रपदात एका दुपारी दुकानात गूळ तोलताना मल्लम्मा गेली. तागडी हातातच होती म्हणतात.

त्यांच्या लोकांत मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. मल्लम्माला वाटेकडेच्या त्यांच्याच रानात समाधी दिली. भगवानराव मातीला गेले होते. खड्ड्यात मांडी घालून बसवलेली म्हातारी, कपाळाला, हातांना विभूती फासलेली, मान किंचित पुढं. माती पडायला लागली तरी त्यांना वाटत राहिलं की ही आत्ता गुडघ्यावर हात टेकून उठेल आणि म्हणेल, सरका, लेकराला शाळेला उशीर होतोय. नंतर तिथं दगडी ओटा बांधला.

शाळेत भगवानरावांनी शिवांजलीच्या नावापुढं गैरहजेरी टाकायला सुरुवात केली. आता ही मुलगी संपली शाळेतून, असं त्यांनी मनाशी धरलं. पण सुतकाचे दिवस सरले आणि एका सकाळी परिपाठाला सगळी रांगेत उभी राहताना खुर्ची उताराशी होती. कपाळावर तीन रेघा, वेणीला रिबीन. शाळा सुटल्यावर पाहिलं तर खुर्ची गेलेली. दुसऱ्या दिवशी परत तसंच.

कोणीतरी व्यवस्था केली, बरं झालं, एवढंच सगळ्यांना वाटलं. दगडाबाईला वाटलं, मन्मथप्पांनी बाई लावली. गावाला वाटलं, शाळेनं माणूस दिला. भगवानरावांना वाटलं, योगीराजनं कोणी नातेवाईक पाठवला. ज्याला त्याला दुसऱ्या कोणाचं तरी कौतुक वाटून सगळे आपापल्या कामाला लागले. पोरांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण पोरांना कोण विचारतं?

मग वरून पत्र आलं. अशा प्रत्येक लेकराच्या मदतनिसाचं नाव, बँक खातं आणि लेकरासोबतचा फोटो पाठवावा. मदतनीस नसेल तर जिवाच्या सुरक्षिततेसाठी त्या लेकराची सोय घरीच करावी. हजेरीची तपासणी कधीही होईल. घरी सोय म्हणजे काय, ते भगवानरावांना माहीत होतं. आठवड्यातून एक दिवस शिक्षिका घरी येणार, आणि उरलेले दिवस लेकरू छताच्या पत्र्याकडं बघत पडणार.

नाव हवं होतं. त्यांनी दगडाबाईला विचारलं, तिनं अप्पांकडं बोट दाखवलं. दुकानासमोर राहणाऱ्या बाईला विचारलं, तिनं शाळेकडं. अप्पांना विचारलं तर ते ‘येतंय की पोरगी येळंवर’ एवढंच म्हणून तागडीकडं वळले. कोणी आणतं हे प्रत्येकाला ठाऊक होतं, कोण आणतं हे कोणालाच नाही. हिशेबात असं भोक पडलं की भगवानरावांना चैन पडायची नाही. एका सकाळी ते चढाच्या वरच्या वळणावर, बाभळीखाली जाऊन उभे राहिले.

ऊन स्वच्छ पडलं होतं. दोन्ही बाजूला कापूस फुटलेला, वारा अजिबात नाही. खालून खुर्ची येत होती.

खुर्चीच्या मागं कोणी नव्हतं.

ती आपोआप घरंगळावी तशी येत नव्हती. म्हातारं माणूस चालतं त्या बेतानं येत होती, मध्ये थोडी थांबत, दम खात. चिखलाच्या पट्ट्याशी ती थबकली, जरा मागं सरली. मग मागच्या दांडीवर कोणी पाय द्यावा तशी पुढची लहान चाकं अधांतरी उचलली गेली आणि खुर्ची मागच्या चाकांवर चिखल पार करून आली. शिवांजली मान वर तिरपी करून मागं बघत होती. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडाकडं बघावं तशी. कोणीतरी काहीतरी गमतीचं सांगितलं असावं, कारण ती तोंड उघडून खळखळून हसली.

भगवानरावांनी सवयीनं घड्याळ पाहिलं. वेळेत होती.

खुर्ची त्यांच्याजवळ आली आणि थांबली. पळावं असं त्यांच्या मनात आलं. पण इतकी वर्षं मल्लम्मा समोर आली की जे करत आले तेच हातांनी केलं. त्यांनी हात जोडले. खुर्ची पुढं निघाली. शाळेत पोचल्यावर त्यांनी धीर करून मागची मूठ पाहिली. काळ्या रबरावर बोटांचे पांढरे ठसे होते, ओले नव्हेत, कोरडे, राखेचे. ते त्यांनी पुसले नाहीत. पुसायला कोणी फडकं दिलं असतं तरी त्यांनी ते हातात घेतलं नसतं.

त्या दिवशी ते दुकानात गेले. मन्मथप्पांनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि विचारायच्या आत गिऱ्हाईक वाटेला लावलं. मग सावकाश सांगितलं. सकाळी लेकराचं आवरून तिला खुर्चीत बसवतो, दुकानाची फळी काढायला वळतो, परत बघतो तर अंगण रिकामं. पहिल्या दिवशी गावभर धुंडलं. दुसऱ्या दिवशी समजलं. तिसऱ्या दिवसापासून खुर्चीत बसवलं की मुद्दाम पाठ करतो. योगीराजला कळवलेलं नाही, सून घाबरून लेकीला घेऊन जाईल.

“म्या तिला पाठवलं न्हाई, गुरुजी,” अप्पा म्हणाले. “ती जितेपणी तरी माझं ऐकत होती का? तुमी बघितलं ते बघितलं. बोलू नगा कुठं.”

भगवानरावांनी फॉर्म काढला. मदतनीस म्हणून अप्पांचं नाव घालतो म्हणाले. अप्पांनी हात झटकले, म्या ढकलत न्हाई, तिची मजुरी माझ्या नावावर कशी घेऊ, तिनं कवडी घेतली न्हाई. पण नाव नसेल तर लेकरू घरी बसेल हे ऐकल्यावर म्हातारा बराच वेळ तराजूचं पारडं बोटानं हलवत राहिला आणि मग सही केली. फोटोसाठी खुर्चीच्या मुठीवर हात ठेवून उभाही राहिला. फोटो चांगला आला. शिवांजली त्यात आजोबांकडं बघत नव्हती, त्यांच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं बघत होती, पण तपासणारे एवढं कुठं बघायला बसलेत.

दिवाळीनंतर भत्ता जमा झाला, अख्ख्या वर्षाचा एकदम. अप्पा ते पैसे दुकानाच्या कागदी पुडीत घालून शाळेत घेऊन आले आणि टेबलावर ठेवले. मला पचायचं न्हाई, ज्याचं काम हाय त्याला द्या, म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

आता झाली पंचाईत. पैसे परत करता येत नव्हते, सही झाली होती. स्वतःकडं ठेवणं हे भगवानरावांच्या बुद्धीत बसत नव्हतं. अप्पा घेत नव्हते. पुडी कपाटात पडून राहिली आणि भगवानरावांना जेवण गोड लागेना. शिवाय एक भीती आत कुरतडायला लागली होती. तपासणी कधीही होईल, आणि ही म्हातारी येते ती निव्वळ मायेनं. उद्या नाही आली तर? बिनपैशाच्या माणसाला जाब कोण विचारणार? त्यात हे माणूस तर जिवंतही नाही.

हिशेब त्यांनी आपल्या मनाशी मांडला आणि त्यांना तो अगदी चोख वाटला. ज्याचं काम त्याचा पैसा. एका भर दुपारी ते समाधीवर गेले. नव्या कापडाच्या तुकड्यात नोटा, एक सुपारी आणि हळकुंड बांधलं होतं. ओट्याला दिवा ठेवायचा कोनाडा होता, त्यात ते गाठोडं ठेवलं, नारळ फोडला. खरं तर गुपचूप ठेवून यायचं होतं. पण गाठोड्यावरून हात काढताना त्यांच्या तोंडातून जे निघालं ते मास्तरांचं बोलणं नव्हतं, आश्रुबा मुकादमाचं होतं. तोच सूर, तीच धार.

“मल्लम्माबाई, मागचं ते मागचं, पुढची ही उचल. लेकरू रोज शाळेत पाहिजे. खाडा चालायचा न्हाई.”

रानात होले घुमत होते ते थांबले. कापसातून कोणी चालत गेल्यासारखी एक ओळ हलली, ओट्यापासून वाटेपर्यंत, आणि स्थिर झाली. भगवानराव मागं न बघता शाळेत आले. आल्यावर त्यांना फार हलकं वाटलं, काम मार्गी लागल्यावर वाटतं तसं.

दुसऱ्या दिवशी ते कुलूप काढायला आले तेव्हा खुर्ची आधीच फाटकाशी होती. शिवांजलीच्या मांडीवरच्या शालीवर दव पडलेलं. बघा, पैशानं किती फरक पडतो, असं भगवानरावांच्या मनात आलं. मनात आलेलं नाकारून चालणार नाही. आणि मग त्यांचं लक्ष तिच्या कपाळाकडं गेलं. कपाळ कोरं होतं. वेणी सुटून तोंडावर आलेली. खुर्ची उताराकडं तोंड करून नव्हती, जशी आणली तशी सोडून दिलेली, तोंड फाटकाच्या गंजलेल्या पत्र्याकडं. मुलगी हसली नाही. मागंही बघत नव्हती.

रोज तसंच व्हायला लागलं. खुर्ची लवकर यायची आणि घाईनं यायची. वळणावरून पाहिलं तर दम खात नव्हती, चिखलाशी थांबत नव्हती, सरळ आदळत पुढं काढली जात होती. लेकराची मान हेलकावे खायची. कोणी तिच्याशी बोलत नव्हतं हे तिच्या तोंडाकडं बघून कळायचं.

रविवारी दगडाबाईचा निरोप आला की शिवांजली बंद शाळेपुढं उन्हात बसली आहे. अप्पांना विचारलं तर ते म्हणाले, म्या तिला खुर्चीत बसवलंच न्हाई, ती गोधडीत झोपली होती. चंपाषष्ठीला शाळेला सुटी, अंगात ताप, तरी खुर्ची फाटकाशी. अप्पांनी चाक खाटेला दोरानं बांधलं. सकाळी खाट रिकामी, आणि दोर कापलेला नव्हता, ओढलेला नव्हता. गाठ सोडून, किराणा दुकानात सुतळी ठेवतात तशी त्याची नीट गुंडी करून उशाशी ठेवलेली होती.

भगवानराव कपाटाकडं बघत बसायचे. पुडी आता तिथं नव्हती, तरी बघायचे. पैसे दिले होते, काम होत होतं, एक दिवस खाडा नव्हता. हजेरीचा रकाना कधी नव्हता इतका भरलेला होता. 

तेजश्री मॅडम त्यांच्या वाराला आल्या. त्या मुलीजवळ तासभर जमिनीवर बसायच्या, हात मोकळे करायच्या, चित्रं दाखवायच्या. त्या दिवशी लवकर उठल्या आणि कार्यालयात येऊन उभ्याच राहिल्या.

“सर, हिचे हात मी दोन वर्षांत उघडले होते, ते परत आवळलेत. पूर्वी मला बघून हसायची. आता फाटकाचा आवाज आला तरी अंग ताठ करते. हिला शाळेची भीती बसलीय. मी वर लिहून देते, हिची सोय घरीच करा.”

थोडे दिवस थांबा, असं भगवानरावांनी विनवलं. मॅडम म्हणाल्या, पुढच्या वारापर्यंत थांबते. म्हणजे ज्यासाठी नाव घातलं, फोटो काढला, उचल दिली, तेच हातचं चाललं होतं. लेकरू शाळेत राहावं म्हणून केलेल्या गोष्टीनंच लेकरू शाळेतून उठणार होतं.

त्या दुपारी मन्मथप्पा आले. बाकावर टेकले, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरली आणि एकच विचारलं, गुरुजी, तुमी तिला काय दिलं? भगवानरावांनी लपवलं नाही. गाठोडं सांगितलं, नारळ सांगितला, शेवटी शब्दही सांगितले, जसेच्या तसे. अप्पांनी ऐकून डोळे मिटले.

“मागचं दिलं असतं तर तिनं पान-फूल म्हणून घेतलं असतं. पुढचं कावून दिलं?”

“वर्षाचे एकदम आले होते, अप्पा.”

“आवो, आमच्या दुकानावरनंच टोळ्या निघायच्या. तुमच्या बापाच्या बी. अंगात ताप घेऊन गाडीत चढणाऱ्या बाया तिनं बघितल्यात. उचल घेतल्यावर माणूस कोणाचं राहतं?” त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. “ती येत होती ते नातीसाठी. आता तुमच्यासाठी येती. आन जित्या माणसाची उचल हंगामाला तरी फिटती, गुरुजी. तिचा हंगाम कवा संपायचा?”

 हिशेबाची सवय अशी की अशा वेळीही भगवानरावांच्या मनानं दुसरी बाजू मांडलीच. उचलीतून मोकळं केलं तर म्हातारी पुन्हा येणार नाही. हिशेब मिटलेलं माणूस परत फिरकत नाही, मायेनंसुद्धा नाही. मग अप्पांच्या गुडघ्यांनी खुर्ची चढ चढणार नाही, आणि मॅडमनी लिहायच्या आधीच लेकरू घरी बसेल. त्यांनी ते अप्पांना बोलूनही दाखवलं. अप्पा म्हणाले, ते तुमी बघा, ती काय तुमची नोकर न्हाई.

दोघं निघाले. शाळा सुटायला वेळ होता, पण शिवांजलीला सोबत घेतलं, अप्पांचा आग्रह होता. काट्याकुट्यातून खुर्ची समाधीपर्यंत न्यायला दोघांना घाम फुटला. टोळीत एखाद्याला मोकळं करायचं तर मुकादमानं दोघांदेखत तसं बोलायचं आणि दिलेली सुपारी परत घ्यायची, एवढं भगवानरावांनी ऐकलं होतं. बापाला मात्र तसं बोलताना त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं, त्यामुळं शब्द माहीत नव्हते.

कोनाड्यात गाठोडं जसंच्या तसं होतं. फक्त त्यांनी मारलेली सरळगाठ नव्हती. वर पीळ देऊन आत खोचलेली, बाया कनवटीला मारतात तशी गाठ होती. घेतलं होतं तिनं. मोजून, बांधून, परत ठेवलं होतं. भगवानरावांच्या बोटांना ती सुटेना. अप्पांनी हात पुढं करून एका ओढीत सोडली.

भगवानरावांनी सुपारी उचलली. डोक्यावरची टोपी काढली.

“मल्लम्माबाई, हिशेब मिटला,” ते म्हणाले, आणि या वेळी सूर त्यांचा स्वतःचा होता, वर्गात चुकल्यावर पोरं बोलतात तसा. “तुमच्याकडं माझं काही न्हाई. तुमचंच माझ्याकडं निघतंय, आणि ते फेडायला माझ्याकडं काही न्हाई. तुमी बसा आता.”

काहीच झालं नाही. कापूस तसाच उभा होता, वर घार फिरत होती. मग सपाट जागेवर उभी असलेली खुर्ची वीतभर मागं आली. इतका वेळ मुठींवर टेकलेलं वजन कोणी काढून घ्यावं तशी आली, आणि थांबली.

शिवांजलीनं मान वळवून मागं पाहिलं. तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो भगवानरावांनी पूर्वी कधी ऐकला नव्हता. बोलता न येणाऱ्या लेकरानं हाक मारली होती, लांब, वर चढत जाणारी, वाटेवरून कोणी निघून चाललं की मारतात तशी. अप्पांनी तिचं डोकं पोटाशी धरलं. भगवानराव टोपी हातात घेऊन रानाकडं तोंड करून उभे राहिले, कारण कुठं तोंड करावं ते त्यांना समजेना.

रात्रीतून अवकाळी पडून गेला. सकाळी कुलूप काढायचं सोडून भगवानराव गावात गेले. अंगणात खुर्ची होती, खुर्चीत शिवांजली होती आणि समोर अप्पा तिच्या केसांतून फणी फिरवत होते. भांग वाकडा निघाला होता. त्यांनी मुद्दाम पाठ करून पाहिली म्हणे, दोनदा. खुर्ची हलली नव्हती.

भगवानरावांनी किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकला आणि मुठी धरल्या.

खुर्ची जड होती. गावाबाहेर पडेपर्यंत ठीक, पण पुढं काळ्या मातीनं चाकं अशी भरली की ढकललं तर खुर्चीऐवजी भगवानरावच मागं यायला लागले. त्यांचे बूट रुतले. चढावर दम निघेना. ते थांबले, आजूबाजूला पाहिलं, आणि खरं सांगायचं तर क्षणभर वाटही पाहिली. वाऱ्यानं पानं हलली, ती वाऱ्यानंच हलली. मुठींवर त्यांचे स्वतःचे चिखलाचे हात होते, दुसरं काही नाही. कोणी येत नव्हतं. त्यांच्या अंगावरून घामाबरोबर काहीतरी निथळून गेलं आणि त्यांनी पुन्हा रेटा दिला.

शिवांजली रडून सुजलेल्या डोळ्यांनी समोर बघत होती. समाधी आली तशी तिची मान तिकडं वळली आणि ओटा मागं पडेपर्यंत वळलेलीच राहिली. भगवानरावांना वाटलं, काहीतरी बोलावं. गुळाचा भाव त्यांना माहीत नव्हता. कोणाची सून रुसली तेही नाही. शेवटी त्यांनी तिला सांगितलं की खडूचे डबे आले आहेत आणि त्यात दोन खडू तुटके निघाले. तिनं ऐकल्यासारखं केलं नाही.

चिखलाच्या पट्ट्याशी खुर्ची जी बसली ती उठेना. मागून दगडाबाई येत होती, डोक्यावर लाकडाची मोळी. तिनं मुख्याध्यापकांचे गुडघ्यापर्यंत भरलेले पाय पाहिले, मोळी बांधावर टाकली आणि पदर खोचला.

“सर, मागल्या दांडीवर पाय द्या की. म्हातारी कशी काढायची बघितलं न्हाई का कवा?” आणि मग हसू दाबत, “आता मदतनिसात तुमचं नाव घालायचं का?”

“तुमचं घालतोय,” भगवानराव धापा टाकत म्हणाले. “रोज याच वाटेनं येता. अप्पांचं काढून तुमचं. पण पैसे महिना भरल्यावर. आधी न्हाई.”

दगडाबाईला वाटलं, सर चिक्कूपणा करतात, नेहमीसारखा. तिनं दांडीवर पाय दिला, पुढची चाकं वर उचलली, आणि दोघांनी मिळून खुर्ची चिखलातून ओढून काढली. लांबून शाळेत परिपाठाची प्रार्थना सुरू झाल्याचं ऐकू आलं. मुख्याध्यापकांशिवाय ती पहिल्यांदाच सुरू झाली होती.

शिवांजलीनं मान तिरपी करून मागं पाहिलं. आधी भगवानरावांकडं, मग दगडाबाईकडं, बराच वेळ पाहिलं. तिचा चेहरा फुलला नाही. पण समोर वळून तिनं आवळलेल्या मुठीनं खुर्चीच्या हातावर दोनदा ठोकलं, थांबलेल्या बैलाला गाडीवान ठोकतो तसं, आणि भगवानराव चालायला लागले.